घरबसल्या परदेश

परदेशात जुळवून कसं घ्यावं, हे पातूरकराला कोणी शिकवू नये. आमच्या पणजोबा-आजोबांनी बाजेवरून न उठता देश बदलले. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १९०३ ला मध्यप्रांत, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र! म्हातारे म्हणत, "कागद बदलला जी, कास्तकार तोच हाये!"

आता भाचा नायरोबीहून कुरकुरतो, "मामा, हा देश रोज बदलते!" तिथं २००७ पासून एम-पेसानं पैसे मोबाईलवर फिरतात, खिशात नोटा बाळगणारा हाच मागासलेला! पण आपल्याला सवय झाली म्हणून त्या देशानं गरीबच राहावं काय? यजमानानं उंबरठा उंच केला, तर पाहुण्यानं ठेचेचं रडगाणं गाऊ नये. पाय उचलावा.