फुलाशी प्रामाणिक रेषा

फुलांची चित्रे काढावयास शिकविणाऱ्या जुन्या युरोपीय पुस्तकांत एक साधी पण अर्थपूर्ण योजना आढळते. जेम्स सॉवर्बी यांचे असे पुस्तक १७८८ मध्ये लंडनला निघाले. पुढे जॉर्ज ब्रुकशॉ यांनी तर प्रत्येक स्त्रीला स्वतःच स्वतःची चित्रशिक्षिका होता येईल, असे आश्वासन पुस्तकाच्या नावातच दिले. त्यांच्या पुस्तकात एकाच फुलाची दोन चित्रे असत : एक रंगविलेले, दुसरे केवळ बाह्यरेषांचे. शिकणाऱ्याने पहिले पाहावे आणि दुसरे रंगवावे. वरवर पाहता हा हस्तकौशल्याचा पाठ. वस्तुतः तो एक नैतिक पाठही आहे. मनाला आवडेल ते नव्हे, तर डोळ्यांपुढे आहे तेच काढावयाचे, पुंकेसर पाच असतील तर सहावा सौंदर्यासाठीही घालावयाचा नाही, ही ती शिस्त होय.

अशाच शिस्तीचे दर्शन एकोणिसाव्या शतकात म्हैसूरच्या मुलखातही घडले. ह्यू क्लेगहॉर्न हे कंपनीच्या सेवेतील डॉक्टर १८४५च्या सुमारास शिमोग्यास होते. रोज एका वनस्पतीचा अभ्यास करावयाचा, असा त्यांचा नेम होता आणि त्या वनस्पतींची चित्रे काढण्यासाठी त्यांनी एक मराठी चित्रकार नेमला होता. ती चित्रे आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. वनस्पतींची नावे अभ्यासकांनी निश्चित केली आहेत. चित्रकार मात्र ‘मराठी’ या एका शब्दापुरताच उरला आहे.

येथे जो प्रश्न उभा राहतो तो केवळ कृतज्ञतेचा नाही. सत्यनिष्ठा निवडक असू शकते काय, असा तो प्रश्न आहे. पानाच्या कडेवरील दाताही सुटू नये असा ज्या कागदावर आग्रह आहे, त्याच कागदावर तो दाता रेखणारा माणूस सुटून जातो. मग त्या अचूकतेस सत्य म्हणावे, की केवळ उपयुक्तता?

‘काळच तसा होता’ हे उत्तर तत्काळ सुचते; परंतु ते टिकत नाही. त्याच काळात रॉबर्ट वाइट यांनी आपल्या गोविंदू या चित्रकाराच्या नावावरून आमरांच्या एका प्रजातीला ‘गोविंदूइया’ असे नाव दिले. त्याच्याही दीडशेहून अधिक वर्षे आधी, १६७८ मध्ये ज्याचे प्रकाशन सुरू झाले त्या ‘हॉर्टस मलबारिकस’च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत, नावांनिशी छापलेली आहे. म्हणजे नाव नोंदविणे शक्य होते. कोणी ते केले, कोणी केले नाही.

हा दोष एकट्या परकीयांच्या माथी मारण्यातही अर्थ नाही. मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांची राज्यसत्ता १८३१ मध्ये ब्रिटिशांनी काढून घेतली, तरी त्यांच्या आश्रयाने म्हैसूरच्या दरबारात विद्या आणि कला बहरत राहिल्या. त्यांचा ‘श्रीतत्त्वनिधि’ हा सचित्र ग्रंथ राजाच्याच नावाने ओळखला जातो. चित्रे रंगविणाऱ्या हातांच्या नावाने नव्हे. आपल्याकडे यावर एक सुंदर समर्थनही तयार असते : भारतीय कलावंताने अहंकार विसर्जित केला होता, म्हणून त्याने नाव मागे ठेवले नाही. अजिंठ्याच्या भिंतींपासून जात्यावरच्या ओव्यांपर्यंत हा विचार लावला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि त्याग आणि वगळणूक यांत एक भेद आहे. नावाचा त्याग ज्याचे नाव आहे त्यालाच करता येतो. दुसऱ्याने त्याच्या वतीने केलेल्या त्यागास त्याग म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. शिमोग्याच्या चित्रकाराने नाव सोडले की ते कोणी विचारलेच नाही, हे ठरविण्याचा अधिकार उत्तरकालीनांना नाही.

मग त्यांचे कर्तव्य कोणते? हरवलेल्या माणसाला एखादे शोभिवंत नाव, एखादी करुण कथा बहाल करण्याचा मोह मोठा असतो. विशेषतः तो मराठी होता म्हटल्यावर मराठी मनाला तो अधिकच होतो. परंतु तसे करणे म्हणजे नसलेला पुंकेसर काढण्यासारखेच आहे. विस्मृतीचे परिमार्जन कल्पिताने होत नाही. चित्राखाली ‘चित्रकार : मराठी, शिमोगा, नाव नोंदलेले नाही’ एवढे दरवेळी, न कंटाळता लिहिणे, हीच त्या माणसाशी राखता येण्याजोगी निष्ठा आहे. ‘अज्ञात’ हा शब्द लिहिला की जबाबदारी कोणाचीच राहत नाही; ‘नोंदलेले नाही’ म्हटले की नोंद न करणाराही दिसू लागतो.

फुले काढावयास शिकविणाऱ्या त्या पुस्तकांच्या काही प्रतींत बाह्यरेषांची पाने कोरीच राहिलेली असतात. तेथे कोणी तरी शिकावयाचे राहून गेले, एवढेच ती पाने सांगतात. ज्याला मूळ रंग ठाऊक नाहीत, त्याने ती आता रंगवू नयेत. परंतु फाडूनही टाकू नयेत.