माती टाकणाऱ्याचं पाणी

माणदेशात म्हसवडजवळ एक जुनं मातीचं धरण आहे. लोक त्याला राजेवाडीचा तलाव म्हणतात. माणगंगेवर आडवा घातलेला भराव, लांबी दोन किलोमीटरच्या वर, उंची २४ मीटरच्या आसपास. १८७६-७८ च्या दुष्काळात काम निघालं, पुढच्या दशकात पुरं झालं. गोऱ्या साहेबानं काय मजबूत बांधलं बघा, असं शिकलेले लोक अजून कौतुकानं सांगतात. साहेबानं नकाशा काढला हे खरं. पण मातीचं धरण नकाशानं उभं राहत नाही. थर टाकायचा, पाणी मारायचं, तुडवायचा, धुम्मसानं चोपायचा, मग त्यावर दुसरा थर. पाणी अडवायला चिकण माती, तिला धरून ठेवायला मुरूम, लाटेनं भराव खाऊ नये म्हणून पाण्याच्या अंगाला दगड. बाजूला सांडवा, कारण मातीवरून पाणी गेलं की धरण संपलं. हे सगळं पाटीपाटीनं होतं. पाटी डोक्यावर असते आणि डोकं कुणाचं तरी असतं.

ती डोकी उपाशी होती. १८७७ साली सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामाची मजुरी कापली. दिवसभराच्या कामाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली, चालते झाले. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढायच्या आधीचा हा संप. आम्ही गिरणीवाले संपाचा इतिहास गिरणीपासून मोजतो. तो मातीच्या ढिगाऱ्यापासून मोजायला पाहिजे.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. सुकडी खाऊन माती वाहिली. तिला मी विचारलं, त्या तलावाचं पाणी कुणाला मिळतं? ती म्हणाली, "ज्याची जिमीन त्याला. तळं काय आमचं व्हय? आमी निस्ती माती टाकली." या निस्तीवर माझं डोकं फिरतं. दोस्तांनो, प्रश्न इथंच आहे. माती टाकणाऱ्याचा पाण्यावर हक्क आहे की नाही? असला तर कशाच्या जोरावर?

सूतगिरणीत माझ्या पाळीचा साईडर म्हणतो, मजुरी घेतली, हिशेब मिटला. आपण सूत काढतो ते तरी कुठं आपलं असतं? ठीक. पण सूत बाजारात जातं आणि संपतं. धरण दीडशे वर्षं तिथंच उभं आहे, त्या पाट्यांच्या जोरावर दर पावसाळ्यात पाणी धरतंय. अर्ध्या किलो धान्यात दीडशे पावसाळे विकले जातात, हा कुठला सौदा? आणि उपाशी माणसानं केलेल्या सौद्याला सौदा म्हणायचं का?

मग आपल्यातले काही म्हणतात, ज्यांच्या पूर्वजांनी घाम गाळला त्यांचं पाणी. ऐकायला झकास वाटतं. मला पटत नाही. ज्याच्या पणज्यानं माती टाकली नाही, तो काल वस्तीला आलेला माणूस तहानलेला राहू दे? घाम बापाकडून वारशानं घ्यायचा म्हणजे नवं वतनच की. जन्मावरून काय मिळतं ते आपण पाहिलंय. महारवतनाची जमीन पाहिलीय, १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं तेव्हा तीच जमीन परत आपल्या नावावर करायला सरकारात पैसे भरायला लागले हेही पाहिलंय. जन्माचा दाखला दाखवून पाणी मागणं आपल्याला शोभत नाही.

पण आजची रीत काय आहे? पाटाच्या पाण्याच्या अर्जाला सातबारा लागतो. जमीन जास्त त्याला पाणी जास्त, जमीन नाही त्याला शून्य. जमीन कुणाकडे आणि का, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे इथंही जन्मच मोजला जातो, फक्त तलाठ्याच्या अक्षरात.

शेजारच्या खटाव तालुक्यातलं आठवा. १९०१ साली बाबासाहेब, लहान पोर, भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. दुष्काळी कामावर तिथं तलाव खोदला जात होता, वडील त्याच कामावर रोखपाल होते. मसूर स्टेशनापासून बैलगाडी. डबा बरोबर होता, पाणी नव्हतं, कुणी दिलं नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी स्वतः लिहिलंय. बाप तलावाचा हिशेब लिहितो आणि पोरं वाटेत तहानेनं व्याकूळ. २० मार्च १९२७ ला महाडला ते ओंजळ भरायला उतरले ते कुठून आले होते, हे त्यावरून कळतं.

महाडनं घागरीचा प्रश्न ऐरणीवर आणला. पाटाचा बाकी आहे. पाटावर विटाळ पाळायची गरजच पडत नाही, सातबारा ते काम परस्पर करतो. कुणी अंगावर येत नाही, म्हणून आपल्यालाही राग येत नाही.

जमीन नाही तर पाणी घेऊन काय करणार, असं विचारतात. १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांबरोबर लोक तुरुंगात गेले ते जमिनीसाठीच. ती मागणी सोडायची नाही. पण पाण्याला तोवर थांबायचं कारण नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. उसाला बंदी. आणि भूमिहीनालाही वाटा. त्यानं आपलं पाणी दुसऱ्याच्या रानात घालावं आणि पिकात भागी करावी. पाणी हीच त्याची भांडवलाची बाजू. जमीन विकली तरी पाणी जमिनीबरोबर जात नाही.

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेवर त्यांनी काम केलं. आपल्या सभेत हे भाषणात येतं, टाळ्या पडतात. तालुक्याच्या पाटबंधारे कचेरीत जाऊन लाभधारकांची यादी मागितलेला कार्यकर्ता मला अजून भेटायचाय. साईडर म्हणतो, यादीत आपलं नाव नसणारच, कशाला मागायची? मी म्हणतो, तेच लिहून आणायचं. कुणाचं नाव आहे, किती एकर, कुठलं पीक. पुढच्या साप्ताहिक सुट्टीला आम्ही दोघं जातोय. एसटीचं भाडं निम्मं निम्मं.