मदतीचा हात केव्हा मागे घ्यावा?



दिव्यांग मुलांच्या वर्गात शिक्षकाबरोबर बहुधा एक मदतनीस बाई असते. मुलाला भरवणे, संडासला नेणे, लाळ पुसणे, हात धरून अक्षर गिरवून घेणे ही तिची कामे. तिला 'आया' म्हणून हाक मारतात व शिक्षकापेक्षा पुष्कळ खालची समजतात. घाण साफ करणारा हात हलका, हा विचार कोठून आला हे आपणांस सांगण्याची गरज नाही. परंतु आज प्रश्न निराळा आहे. तिने मदत किती करावी?

सदऱ्याचे बटण घ्या. बाईने स्वतः लावले तर काम क्षणात होते, पण मूल काहीच शिकत नाही. शिकवण्याची रीत अशी: बटण काजात अर्धे घालून द्यावे व शेवटचे ओढणे तेवढे मुलाला करू द्यावे. ते जमले की त्याआधीची पायरी त्याच्याकडे सोपवावी. असे करीत आपला हात काढून घ्यावा. याला कधी महिनेही लागतात.

१९९७ साली मायकेल जियांग्रेको व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शाळांमधल्या अशा मदतनिसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मदतनीस सदैव खेटून बसली की मूल सोबत्यांपासून तुटते, तिच्यावर विसंबून राहते, आणि वर्गशिक्षकही आपली जबाबदारी तिच्यावर सोडतो, असे त्यांना दिसले. तेव्हा प्रेमातूनही परावलंबन निपजते.

आपण म्हणाल, काही मुलांना जन्मभर आधार लागणार, त्यांचे काय? खरे आहे. पण घास तोंडाशी नेण्यापूर्वी "देऊ का?" असे विचारून उत्तरासाठी थांबता येते. नजरेने दिलेला होकारही होकारच. दयेला समोरचा माणूस दुबळाच राहिलेला चालतो. करुणा त्याची इच्छा विचारते.

आपल्यापैकी काही घरांत अजूनही अशा मुलाला 'मागल्या जन्माचे भोग' म्हणतात. दीक्षा घेतलेल्या घरात हे शब्द शोभत नाहीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त नाकारला आहे. शिवाय २०१६ च्या कायद्याने, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

म्हणून त्याला घरात झाकून ठेवू नका, शाळेत घाला. मदतनीस बाईंना मानाने भेटा आणि विचारा, "आज याने स्वतः काय केले?" घरीही त्याचे बटण लावायला हात पुढे झाला, की थोडे थांबा.