उजवा म्हणजे योग्य?

इंग्रजीतल्या 'राइट' या शब्दाला तीन अर्थ आहेत : उजवी बाजू, बरोबर असणे आणि हक्क. मराठीत या तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द आहेत. त्यामुळे मराठी माणसाला वाटते, की बाजू आणि चांगुलपणा यांची सरमिसळ आपल्या भाषेने केलेली नाही. शब्दाचे कूळ मात्र वेगळे सांगते. 'उजवा' हा संस्कृत 'ऋजु' म्हणजे सरळ या शब्दापासून, प्राकृत 'उज्जु'मार्गे आला, आणि 'राइट'ही त्याच प्राचीन धातूपर्यंत जाऊन पोचतो. दोन्ही भाषांत जे सरळ, ते उजवे झाले. जे उरले, ते आपोआप वाकडे ठरले.

मराठी वापरात हा निकाल पदोपदी दिसतो. तुलनेत सरस ठरणारा 'उजवा ठरतो', कमी पडणारा 'डावा'. हक्काच्या माणसाला बाजूला सारले, की त्याला 'डावलले'. डावखुऱ्या मुलाने डाव्या हाताने घास उचलला किंवा प्रसादासाठी तोच हात पुढे केला, की घरातले मोठे त्याला टोकतात, आणि आपल्या शरीरातच काही चुकले आहे असे ते मूल धरून बसते. इथे भाषेचा प्रश्न धर्माचा होतो. पावित्र्य उजव्या बाजूतच असते, की माणसाने ते तिथे नेऊन ठेवले? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रॉबेर हर्ट्झ याने 1909 साली याच प्रश्नावर निबंध लिहिला. दोन हातांमधला निसर्गाचा फरक थोडासा. समाजाने त्यावर पवित्र-अपवित्राचा सारा भार टाकला, असे त्याचे म्हणणे होते.

या प्रश्नाचे उत्तर 'दक्षिण' या शब्दापाशी उलगडू लागते. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा, आणि दक्षिण ही दिशाही. उगवतीकडे तोंड करून उभे राहिले, की उजवा हात दक्षिणेकडे येतो, म्हणून. दिशेचे नाव आधी माणसाच्या उभे राहण्यातून आले. तोच माणूस मावळतीकडे वळला, की त्याचा उजवा हात उत्तरेला जातो. दख्खन हे नावही त्याच दक्षिणेचे. सोलापूर दख्खनमध्ये, म्हणजे उत्तरेतल्या माणसाच्या दक्षिणेला; पण विजापूरकराला सोलापूर गाठायला उत्तरेकडे निघावे लागते. मग जी दिशा पाहणाऱ्याबरोबर फिरते, तिच्यात कायमचे पुण्य कसे साठेल? त्याच दक्षिण दिशेला यमाची दिशा म्हणून लोक बिचकतात, आणि गुरुरूपातला शिव दक्षिणेकडे तोंड करून बसतो म्हणून त्याला दक्षिणामूर्ती म्हणतात.

प्रदक्षिणेत उजवेपणाचा खरा अर्थ कळतो. देव आपल्या उजव्या हाताला राहील असे चालायचे, एवढाच तिचा नेम. मान बाजूला नसतो. देवाला कोणत्या बाजूला ठेवायचे, या निवडीत तो असतो. सोलापुरात मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी नगराच्या आठही दिशांना 68 लिंगे स्थापली, अशी श्रद्धा आहे. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज तोलत मिरवणुकीने निघतात. तैलाभिषेकाच्या दिवशी ही मिरवणूक नगरप्रदक्षिणा करत त्या लिंगांपर्यंत जाते. आठही दिशा इथे पूजेच्या होतात, एकही वर्ज्य राहत नाही.

शिवमंदिरातली प्रदक्षिणा आणखी पुढे जाते. पिंडीवरचे तीर्थ जिथून बाहेर पडते, ते गोमुख ओलांडायचे नाही. भक्त तिथवर जातो, थबकतो, आणि आल्या पावली मागे वळतो. जाताना देव एका हाताला असेल, तर परतताना दुसऱ्या हाताला येतो. म्हणजे देव डाव्या हाताला ठेवून चालणेही शास्त्राने नेमून दिले आहे. एरवी जे अपसव्य म्हणून टाळायचे, ते इथे पूजेचा भाग आहे. 'सव्य' या शब्दाचेही असेच झाले. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ डावा. दोन्ही हातांनी बाण सोडणारा अर्जुन म्हणून सव्यसाची. मराठीत मात्र सव्य म्हणजे उजवा, सरळ. एकच शब्द दोन्ही बाजूंना वापरला गेला आणि कुणाचे काही बिघडले नाही. अर्धनारीश्वरात डावे अंग पार्वतीचे आहे, आणि 'वाम' या शब्दाचा डावा याबरोबरच सुंदर असाही अर्थ आहे.

तरी सर्वांत स्पष्ट साक्ष सोलापूरच्या लिंगायत घरांतल्या रोजच्या पूजेची आहे. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून माणूस बसतो आणि अंगावर बाळगायचे इष्टलिंग तळहातावर घेतो. तो तळहात डावा असतो. पाणी, विभूती, बेलाचे पान उजवा हात वाहतो; पण देव बसतो डाव्या हातावर. मग तो तळहात डोळ्यांसमोर धरून लिंगावर नजर स्थिर करायची. जो हात पंक्तीत लपवायला शिकवले जाते, तोच इथे देवाचे आसन होतो, आणि उजवा त्याची सेवा करतो. दोन हातांची कामे वेगळी, पण त्यांत हलके-भारी असे काही नाही. हे समजायला ग्रंथ लागत नाही; घरातले मूल रोज सकाळी हे पाहते. पूजा आटोपली, की लिंग पुन्हा डबीत जाते, डबी गळ्यात, आणि दोन्ही हातांच्या मधोमध छातीवर येऊन टेकते.