बेत आधी कळू द्या

ओळखीतल्या एका तरुणाने ऊसतोड कामगारांच्या मुलांवर माहितीपट केला. दोन हंगाम तो फडावर राहिला, कोपीत झोपला, पाचटाच्या धुळीत कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपला. हार्ड डिस्क घेऊन आम्ही मुंबईत एका खासगी वाहिनीच्या कार्यालयात गेलो. अधिकारी सौजन्याने म्हणाले, ‘अहो, अर्ध्या तासाचं आता घेत नाही आम्ही. मोबाइलसाठी तीन-तीन मिनिटांचे उभे व्हिडिओ हवेत. वर्षभरापूर्वीच ठरलंय.’ ठरलं होतं, पण कळलं कोणाला? ज्यांची तिथे रोजची ऊठबस, त्यांना!

खासगी वाहिनीने आपले बेत कोणाला सांगावेत, हा तिचा प्रश्न. पण जनतेच्या पैशांवर चालणाऱ्या प्रसारकाला ही मुभा नाही. त्याचा डिजिटल आराखडा ही जनतेची मालमत्ता आहे. तो ओळखीपाळखीतून झिरपत राहिला, तर गुणवान पण वशिला नसलेला माणूस उंबऱ्याबाहेरच राहतो. याला मी अन्यायच म्हणेन.

ब्रिटनच्या बीबीसीकडे पाहा. लोकांना संगणक शिकवण्यासाठी 1980च्या सुमारास तिला एक यंत्र हवं होतं. आधी बोलणी एकाच कंपनीशी चालली होती. ती फिसकटली, तेव्हा यंत्र कसं हवं याचा तपशील बीबीसीने इतरांपुढेही ठेवला. केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीने आठवड्याच्या आत नमुना उभा केला. 1981 साली बाजारात आलेली ती यंत्रं पुढे दहा लाखांहून जास्त खपली. त्याच कंपनीत पुढे एआरएम प्रोसेसर जन्मला. आज आपल्या हातातल्या बहुतेक मोबाइलची चिप त्याच घराण्यातली आहे. दार उघडलं नसतं, तर एकॉर्नला विचारलं कोणी असतं?

हीच बीबीसी 2008 साली चुकली. टेपऐवजी फायलींवर काम करणारी मोठी यंत्रणा उभारण्याचं काम तिने खुली स्पर्धा न घेता सीमेन्स कंपनीला दिलं. पुढच्याच वर्षी, 2009 साली, करार संपवला, काम स्वतःकडे घेतलं आणि 2013 मध्ये प्रकल्पच गुंडाळला. परवानाशुल्क भरणाऱ्यांचे 9 कोटी 84 लाख पौंड गेले. अपयशाची कारणं अनेक होती, पण पारखून न घेण्याची चूक पहिल्याच पावलाला झाली होती.

आपल्या प्रसार भारतीने 20 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्यात ‘वेव्हज’ हा ओटीटी मंच सुरू केला. चांगलं झालं. आता त्यावर मराठीत पुढच्या वर्षी काय हवं, किती लांबीचं, कोणत्या स्वरूपात, किती मोबदल्यात, हे सोप्या मराठीत आणि सगळ्यांना एकाच दिवशी सांगावं. मुंबईतच नव्हे, लातूर, चंद्रपूर, रत्नागिरीतही निर्मात्यांना बोलावून समोरासमोर सांगावं, त्यांचे प्रश्न ऐकावेत. आणि वाचकहो, तुमच्या गावात असा कॅमेरा घेतलेला कोणी असेल, तर त्याच्यासाठी ही मागणी तुम्हीही आपल्या खासदारांकडे लेखी करा.