सुरकुतलेल्या दाण्यापाशी

निवांत बसा. पाकिटातून स्वीट कॉर्नचा एक दाणा काढून तळहातावर घ्या. शेजारी साध्या मक्याचा एक दाणा ठेवा. साधा दाणा टणक, भरीव, तुळतुळीत. स्वीट कॉर्नचा मात्र हलका, खोलगट, चुरगळल्यासारखा. बी खराब निघालं की काय, असं वाटावं इतका. त्याच्या सुरकुत्यांवरून सावकाश बोट फिरवा. (पाकिटातल्या बियाण्याला बहुधा औषध चोळलेलं असतं, नंतर हात धुवा.)

साध्या मक्यात पानांनी तयार केलेली साखर दाण्यात उतरते आणि तिथं तिचं पिष्ट होतं. या दाण्यात ते काम अर्ध्यावर अडतं. साखर बरीचशी साखरच राहते. दाणा वाळला, पाणी उडालं, की आत भरीव असं फार उरत नाही, म्हणून साल खोल जाते. आपण जिला गोडी म्हणतो ती या अडण्यातून आली आहे. आणि त्याच कारणानं कोंबाची शिदोरीही तुटपुंजी आहे. एकाच उणिवेची ही दोन टोकं थोडा वेळ मनात राहू द्या. वाण निवडताना आपण याच दोन टोकांमधली एक जागा निवडत असतो.

१९०२ साली अमेरिकेत बर्पी कंपनीनं ‘गोल्डन बँटम’ हा पिवळा वाण बाजारात आणला, तेव्हा पिवळा मका म्हणजे जनावरांचं खाणं, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. अशा जुन्या वाणांची चव दुधाळ, मक्याची म्हणून ओळखू येणारी. पण कणीस तोडलं की साखरेचं पिष्ट भराभर होऊ लागतं. पुढं १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी आणखी सुरकुतलेल्या दाण्यांची गोडी हेरली. त्यातून अतिगोड वाण आले. त्यांची गोडी तोडल्यावरही काही दिवस टिकते. आपल्याकडचे बहुतेक संकरित वाण याच जातकुळीतले. परसात लावणाऱ्याला मी तरी आधी एकच विचारीन : कणीस काढल्यावर किती वेळात खाणार? चूल दहा पावलांवर असेल, तर जुन्या चवीचा वाण मिळवायची खटपट जरूर करावी.

आता मातीत हात घाला. गार, चिकट लागली तर थांबा. अतिगोड बी गारठ्यात आणि चिखलात कुजतं. वाफसा येऊ द्या, ऊब येऊ द्या. मग बी उथळ टोका, आणि एका लांब ओळीत नको. चार लहान ओळींचा चौकोनी वाफा करा. का, ते तुरा आल्यावर कळतं.

मधल्या दिवसांत रोज पोंग्यात डोकावायचं. २०१८ पासून आपल्याकडे आलेली अमेरिकन लष्करी अळी तिथंच दडून पानं कुरतडते. दिसली की वेचायची.

तुरा बाहेर पडतो, मागोमाग कणसाला केस येतात. इथं खरोखर वेळ काढून बसा. फिकट हिरवा, ओलसर, किंचित चिकट असा एक केस दोन बोटांत अलगद धरा. हा एकच केस आत एकाच दाण्यापर्यंत गेलेला आहे. कणसाच्या बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याकडचे शेवटी. वाऱ्यावर आलेला परागाचा एक कण त्यावर चिकटतो आणि त्याची नळी साधारण दिवसभरात केसाच्या पूर्ण लांबीतून आत उतरते. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याची जागा कणसात बोडकी राहते. एकाच ओळीतला पराग वारा भलतीकडे नेतो. चौकोनात तो शेजारच्या झाडाला मिळतो. झाडं थोडीच असतील तर सकाळी तुरे केसांवर हलकेच झटका.

पण शेजारच्या वावरात साधा मका फुलला असेल, तर त्याचाही पराग याच केसांवर येतो. मग तो दाणा याच हंगामात पिठूळ होतो, पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. जुन्या प्रकारचा आणि अतिगोड असे दोन वाण एकत्र फुलले तरी तेच होतं. परसात अंतर राखायला जागा नसते, तेव्हा फुलोऱ्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवायचं, नाहीतर एकाच वाणावर मन स्थिर करायचं. मला दुसरा मार्ग आवडतो. पाकिटं पुष्कळ असतात, वाफा एकच असतो.

केस आल्यापासून अठरा ते बावीस दिवस धरा. उन्हाळ्यात थोडे कमी. केस तपकिरी होऊन वाळले, पण पाला हिरवाच आहे, असं दिसलं की शेंड्याकडचा पाला जरा सोलून एका दाण्यात नख रुतवा. रस पाण्यासारखा निघाला तर पाला परत झाका आणि दोन दिवसांनी या. दुधासारखा निघाला तर सकाळच्या गारव्यात कणीस खाली वाकवून, पिळून तोडा. उद्यावर टाकू नका.