रुग्णशय्येशेजारचा विवेक

सविता हलप्पनवार ही बेळगावची लेक. व्यवसायाने दंतवैद्य. विवाहानंतर ती पतीसमवेत आयर्लंडमध्ये राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतरा आठवड्यांची गरोदर असताना, तिला गॉलवे शहरातील रुग्णालयात दाखल करण्यात आले. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले, गर्भजलही गेले. तिने गर्भपाताची विनंती केली. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके अजून चालू होते आणि तोवर कायदा परवानगी देत नाही, असे तिला सांगण्यात आले. ‘हा कॅथलिक देश आहे’, असे एक परिचारिका बोलून गेली. पुढे चौकशीत तिने ते कबूल करून खेद व्यक्त केला. २८ ऑक्टोबर रोजी रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने सविताचे निधन झाले. ती अवघी एकतीस वर्षांची होती.

तिच्या उशाशी ज्या वाक्यात आपल्या धर्माचे नाव घेतले गेले, त्या वाक्यापाशी आपल्याला थांबावेच लागेल.

ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. मानवी जीवनाचा आदर गर्भधारणेपासून व्हावा, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘इव्हान्जेलियम व्हिटे’ या परिपत्रकात ठामपणे मांडले. आम्हीही ते मानतो. परंतु याच परंपरेने हेतू आणि परिणाम यांत भेद करायलाही शिकविले आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाच्या संदर्भात तो भेद मांडला. पुढे त्याच्याच आधारे असे मानले गेले की, गरोदर मातेच्या गर्भाशयाला कर्करोग झाला, तर तो अवयव काढून तिला वाचविणे म्हणजे बालहत्या नव्हे. सविताच्या बाबतीत ही रेषा नेमकी कोठे पडते, याविषयी धर्मपंडितांत मतभेद आहेत. पण त्या रात्री रुग्णशय्येशेजारी असा विवेक झालाच नाही. संसर्गाकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही आणि ठोके थांबेपर्यंत हस्तक्षेप न करण्यावर अवाजवी भर दिला गेला, असा निष्कर्ष २०१३ च्या चौकशी अहवालाने काढला. डॉक्टरांची एक नजर रुग्णावर, तर दुसरी कायद्यावर होती. जीवनाच्या रक्षणासाठी केलेला नियम भयाच्या हाती गेला, की तो जीवनाचेच रक्षण करीत नाही. मे २०१८ मध्ये आयर्लंडच्या ६६.४ टक्के मतदारांनी ती घटनादुरुस्ती रद्द केली.

आपल्या देशाची कथा निराळी आहे. येथे १९७१ पासून कायदा ठरावीक मर्यादेत गर्भपाताला परवानगी देतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची लागत नाही. पण कागदावरचा हा निर्णय घरात कोणाच्या हाती असतो? पोटात मुलगी आहे म्हणून कितीजणींना दवाखान्याची पायरी चढावी लागली! त्यासाठी १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तिकडे ‘नाही’ म्हणून स्त्रीचा निर्णय हिरावला गेला, इकडे ‘कर’ म्हणून हिरावला जातो.

मग आपला धर्मग्राम काय करतो? एखादी अविवाहित मुलगी गरोदर राहिली, तर मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कुजबुज सुरू होते. तिच्या आईवडिलांना मान वर करणे अवघड होते. मग ती गुपचूप दवाखाना गाठते, आणि त्यानंतर तिला दोषी ठरवायला पुन्हा आपणच पुढे असतो. तिचे बाळ वाचावे असे आपल्याला खरोखर वाटत होते, तर त्या बाळासाठी आपल्यापैकी कोणाचे दार उघडे होते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सदसद्विवेकबुद्धीला मानवाच्या अंतरीचे पवित्रस्थान म्हटले. तेथे तो केवळ परमेश्वरासमवेत असतो. त्या गाभाऱ्यात आपल्याला पाऊल टाकता येणार नाही. निर्णय डॉक्टरांच्या ज्ञानाच्या प्रकाशात त्या स्त्रीनेच घ्यायचा आहे. तो सत्याला धरून व्हावा, म्हणून शिकवण आहे. तो भयापोटी होऊ नये, म्हणून आपण आहोत. गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रत्येक धर्मगुरूला कायमचा दिला. क्षमेचे दार ख्रिस्तसभेने सताड उघडले. आपल्या घरांची दारे मात्र अजून किलकिलीच आहेत.